तेलाचा हात

जिगणीच्या ज्या कारखान्यात मी उमेदवारी केली, तिथे गॅस कटिंगच्या ऑक्सिजन गेजवर तबकडीतच छापलेलं होतं, तेल लावू नये. गेजचे आटे घट्ट लागत होते म्हणून मी तेलात बुडवलेलं बोट पुढे केलं, आणि फोरमननी माझं मनगट धरलं. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल मिळालं तर आग लागायला ठिणगीही लागत नाही, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. बाकी सगळ्या यंत्रांना जे जगवतं, तेच इथे जाळतं.

आनेकलच्या घरी डायव्हिंगचा रेग्युलेटर खोलायला बसलो की ती पकड अजून मनगटावर जाणवते. अंदमानात स्वराज द्वीपला डायव्हिंगला जायचंय. या वेळी वर येताना ५० टक्के ऑक्सिजनचा वेगळा सिलिंडर सोबत असेल. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. तो वाढवला की नायट्रोजन घटतो आणि खोलीवर अंगात विरघळलेला नायट्रोजन लवकर बाहेर पडतो. अशा वाढीव ऑक्सिजनच्या मिश्रणाला नायट्रॉक्स म्हणतात. ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्सला नेहमीचा रेग्युलेटर चालतो. साधारण ४० टक्क्यांच्या पुढे मात्र तो ऑक्सिजनसाठी म्हणून वेगळा स्वच्छ करावा लागतो. माझ्या मॉडेलच्या दुरुस्तीचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय, म्हणूनच हे काम घरी करतो.

आमच्या भागात ग्रॅनाइटचे कारखाने फार. खिडकी उघडी राहिली की तासाभरात टेबलावर पांढरी भुकटी. वेगाने धडकलेला एक कणसुद्धा ऑक्सिजनच्या नळीत घातक, त्यामुळे खिडक्या बंद. आईने दारातूनच विचारलं, "आज फोडणी घालू की नको रे?" तेलाची वाफ हवेत तरंगते हे तिला एकदाच सांगितलं होतं. त्या दिवशी दुपारी दहीभात झाला.

रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडला जाणारा भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, खोलून पितळी भाग अल्ट्रासॉनिक बाथमध्ये टाकले, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले. खरी परीक्षा पाण्याचीच. धातूवर पाणी अखंड पापुद्र्यासारखं पसरलं तर तो स्वच्छ. थेंब थेंब होऊन तुटलं तर तेल शिल्लक आहे. एका स्प्रिंगच्या बैठकीवर पाणी दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा धुतल्यावर पसरलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग पावडर नसलेले हातमोजे घालून नव्या व्हायटॉनच्या ओ-रिंगा बसवल्या, त्यांना ऑक्सिजनला चालणारं खास ग्रीस अगदी पुसट लावलं. नेहमीचं सिलिकॉन ग्रीस त्या टेबलावर मी ठेवतच नाही.

स्वच्छतेइतकाच खोलीचाही हिशेब. २२ मीटरवर एकूण दाब सुमारे ३.२ बार, म्हणजे ५० टक्क्यांच्या मिश्रणात ऑक्सिजनचा दाब १.६. त्याहून खोल गेलं तर ऑक्सिजन विषासारखा चढतो आणि झटके येऊ शकतात. पाण्यात झटका आला की तोंडातलं माउथपीस सुटतं. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी दाबाच्या पेटीत हे स्वतःवर करून पाहिलं. अशाच एका झटक्यात त्यांच्या पाठीचे मणके दबले. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात कायमचे आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांनी अंगावर झेललेल्या त्या दुखण्यामुळे मला आज एक आकडा टेपवर लिहिता येतो. सिलिंडरवर टक्केवारी, कमाल खोली, तारीख आणि सही, आणि ती टक्केवारी ॲनालायझरने मी स्वतः मोजलेली. आधी साध्या हवेवर २०.९ ला जुळवून घ्यायचा, मगच मोजायचं. वॉल्व्ह हळूच उघडायचा. एकदम उघडला तर आत दबलेला वायू क्षणात तापतो.

संध्याकाळी रेग्युलेटर पिशवीत सीलबंद केला, वर तारीख घातली. डायव्हिंगचे सोबती तो मागतात, पण मी देत नाही. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेवर एकदा जरी वापरला, तरी त्या हवेतलं तेल आत बसतं, आणि मग सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.