पेडण्यातला काळोख आणि दीड लाखाचा पडदा

पेडणे म्हणजे गोव्याचं उत्तरेकडचं दार. सावंतवाडी, बांदा मागे टाकून पत्रादेवीला सीमा ओलांडली की आपण या तालुक्यात शिरतो. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. तिथे थांबणारे थोडेच. बहुतेकांना समुद्र हवा असतो, म्हणून ते हरमल, मांद्रे किंवा मोरजीकडे वळतात. बाकीचे कोलवाळचा पूल ओलांडून थेट म्हापसा गाठतात. पेडणे गाव मधल्या मध्ये राहून जातं.

आमचं तसं होत नाही, कारण माझी आत्या पेडण्यात दिली आहे. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा मनोहर विमानतळ सुरू झाल्यापासून तर आम्हा बंगळुरूकरांची चैनच झाली आहे. मोपा याच तालुक्यात. सकाळी घरून निघालं की दुपारच्या जेवणाला आत्याच्या पाटावर. गेल्या वर्षी दसऱ्याला गेलो तो तीन आठवडे तिथूनच ऑफिसचं काम केलं.

पुनवेचं गाव

पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होतं, मग पोर्तुगिजांकडे गेलं. पोर्तुगीज सत्ता इथे उशिरा पोचली, त्यामुळे या भागाचा तोंडवळा जुन्या गोव्यापेक्षा वेगळा आहे. देवळं जागच्या जागी राहिली, दशावतार रंगत राहिला. घरात कोकणी बोलायची आणि भजन मराठीत म्हणायचं, यात इथे कुणालाच काही विशेष वाटत नाही. बाजारात भगवतीचं देऊळ आहे आणि त्याच्यासमोर दगडात घडवलेले दोन मोठे हत्ती. लहानपणी त्या हत्तींच्या सोंडेपर्यंत हात पोचवायची आमची शर्यत असायची. थोडं पुढे देशप्रभूंचा भला थोरला वाडा.

दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत गाव वेगळंच असतं. ‘पेडण्याची पुनव’ गोवाभर प्रसिद्ध आहे. रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगं निघतात, म्हणजे रंगीबेरंगी लुगडी नेसवलेले उंच देवखांब. रात्र, ढोलांचा आवाज, माणसांची दाटी आणि त्यात डोलणारी ती लाल, हिरवी, पिवळी वस्त्रं. फोटो काढणाऱ्याला याहून चांगली आणि याहून अवघड रात्र मिळायची नाही.

माझा आतेभाऊ, आमचा दादा, हेच काम करतो. पुनवेचे फोटो हौसेचे, पोटापाण्याचे फोटो लग्नांचे. तुळशीचं लग्न झालं की त्याला मार्च-एप्रिलपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या हंगामासाठी त्याने दसऱ्याच्या मुहूर्तावर दीड लाखाचा लॅपटॉप घेतला होता. फोर-के पडदा, रंगांच्या अचूकतेची मोठी जाहिरात. दोन वर्षांची शिल्लक त्यात गेली होती.

उजवीकडचा पिवळा

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी परतीचा पाऊस आला आणि वीज गेली. घरात मिट्ट काळोख. दादाचा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि त्यावर आदल्या वर्षीच्या पुनवेचा फोटो होता. वर काळं आकाश, खाली तरंगं. त्या काळ्या आकाशाच्या डाव्या कोपऱ्यात कुणी मागून कंदील धरावा तसा उजेड दिसत होता. दिवे असताना तो कुणालाच दिसला नव्हता.

मग आम्ही नीट बघायचं ठरवलं. पडद्यावर एकामागून एक नुसते सपाट रंग लावले: काळा, पांढरा, करडा, लाल, हिरवा, निळा. करड्यावर दुसरी गोष्ट दिसली. पडद्याचा उजवा अर्धा भाग डाव्यापेक्षा पिवळट होता. दादाने एका नवरीचा फोटो उघडून डावीकडून उजवीकडे सरकवला. तिच्या वेणीतला जाईचा गजरा डावीकडे पांढरा होता, उजवीकडे जाताजाता लोण्यासारखा झाला. दादा काहीच बोलला नाही. ज्याला रंग बघूनच अल्बम करायचा आहे, त्याने कुठल्या अर्ध्यावर भरवसा ठेवायचा?

आत्या दारात मेणबत्ती घेऊन उभी होती. ती म्हणाली, “टक्याचं मडकंसुद्धा वाजवून घ्यावं लागतं रे. हे तर दीड लाखाचं.” ती स्वतः बाजारात मातीचं कुंडलं घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघते. टणक आवाज आला तर पिशवीत, बद्द वाजलं तर परत टोपलीत. पडदा मात्र वाजवता येत नाही. त्याला काळोख लागतो आणि शोरूममध्ये नेमका तोच नसतो.

हा उजेड येतो कुठून? एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या मागे, बहुधा एका कडेला, एलईडीची पट्टी असते. तिचा प्रकाश एक पातळ पारदर्शक पत्रा सगळीकडे पसरवतो. चौकटीचा दाब कुठे कमी-जास्त पडला किंवा थर किंचित वाकले की त्या जागी प्रकाश निसटतो. लॅपटॉप जितका पातळ, तितकी चूक सामावून घ्यायला जागा कमी. आपण पातळपणासाठी जास्त पैसे मोजतो आणि हा धोकाही त्यातच येतो. असमान उजेडाच्या किंवा रंगाच्या डागांना या धंद्यात सगळीकडे ‘मुरा’ हा जपानी शब्द वापरतात.

महागडं नाव असलं म्हणजे यातून सुटका होते असंही नाही. ॲपलने मे २०१९ मध्ये आपल्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोसाठी पडद्याचा बॅकलाइट मोफत दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली होती. काही यंत्रांत पडद्याच्या खालच्या कडेला उजेडाचे उभे पट्टे दिसत, काहींत बॅकलाइटच बंद पडे.

‘मर्यादेत आहे’ म्हणजे किती?

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली तिथल्या मुलाने पडदा पाहिला आणि नम्रपणे सांगितलं, “सर, हे मर्यादेत आहे.”

मर्यादा कुणी ठरवली, हा प्रश्न मला तिथून घरी येईपर्यंत छळत होता. निदान पिक्सेलपुरतं त्याचं उत्तर सापडतं. आयएसओ १३४०६-२ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक २००१ मध्ये आलं. २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१ च्या नव्या भागांनी घेतली. जुन्या मानकात पडद्यांचे चार वर्ग होते. उत्पादक ज्याचा दाखला सर्रास देत, त्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे कायम पेटलेले २, कायम काळे २ आणि बिघडलेले उप-पिक्सेल ५ चालत. आकडा बारीक वाटतो. पण फोर-के पडद्यावर जवळजवळ ८३ लाख पिक्सेल असतात. म्हणजे कायम पेटलेले १६ ठिपके असूनही तो पडदा कागदावर निर्दोष. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या यापेक्षा कडक वागतात, पण प्रत्येकीचा नियम निराळा. मुरा आणि पिवळेपणाचं मोजमाप तर ग्राहकाला सहसा सांगितलंच जात नाही.

कारखान्याच्या बाजूनेही बघायला हवं. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन उप-पिक्सेल आणि प्रत्येकाला स्वतःचा ट्रान्झिस्टर. फोर-केला हा हिशेब अडीच कोटींच्या घरात जातो. मोठ्या कारखान्यात सुमारे २.२ मीटर रुंद आणि २.५ मीटर लांब अशा अखंड काचेवर हे सगळं एकदम घडवतात आणि मग तिचे पडदे कापतात. धुळीचा एक कण पडला की एक ठिपका गेला. प्रत्येक सदोष पडदा फेकायचा ठरवला, तर लॅपटॉपची किंमत कुणालाच परवडणार नाही. म्हणून पडद्यांची प्रतवारी होते.

प्रतवारी पेडणेकरांना नवी नाही. इथे काजू आहे. डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० या काजूगराच्या प्रती: एका पौंडात गर जितके कमी, तितका तो मोठा आणि महाग. तुकडा काजू स्वस्त मिळतो आणि खिरीला तो उत्तम चालतो. फसवणूक कुणाचीच नाही, कारण प्रत पाकिटावर लिहिलेली असते. लॅपटॉपच्या खोक्यावर प्रोसेसर, मेमरी, पडद्याचं माप सगळं असतं, फक्त पडद्याची प्रत नसते. एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळ्या कारखान्यांचे पडदे असू शकतात, हेही तिथे लिहिलेलं नसतं. त्यामुळे सारखेच पैसे मोजून एकाला अख्खा काजू मिळतो आणि दुसऱ्याला तुकडा.

दादाने मग आपली विद्या वापरली. मोबाइलच्या फोटोला सर्व्हिस सेंटर मानत नाही आणि ते बरोबरही आहे. मोबाइल स्वतःच उजेड वाढवतो, त्यामुळे साधा पडदाही भयंकर दिसतो. दादाने कॅमेरा तिकाटण्यावर लावला, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के केले, लॅपटॉप अर्धा तास तापू दिला आणि करडा पडदा टिपला. मग लॅपटॉप उलटा करून पुन्हा टिपला. पिवळा भाग दुसऱ्या बाजूला गेला, म्हणजे दोष कॅमेऱ्याचा किंवा खोलीचा नाही. कोपऱ्यातल्या उजेडाची परीक्षा याहून सोपी होती. डोकं हलवल्यावर उजेड बदलला, तर ती आयपीएस पडद्यांची नेहमीची चमक. जागचा हलला नाही, तर ती गळती. आमचा जागचा हलला नाही.

फोटो, तारीख आणि बिलाची प्रत जोडून लेखी तक्रार पाठवली. बदलून घ्यायची मुदत दहा दिवसांची होती, त्यातले सात संपले होते. पुनव झाल्यावर आठवड्याने दुसरा लॅपटॉप आला. पुन्हा खिडक्या बंद, पुन्हा सपाट रंग. रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा. पण वरच्या उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर बघितलं तर, एक काळा ठिपका. मी म्हटलं, “दादा, हाही परत करू.” तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “नको. ठिपका कुठे आहे ते मला माहीत आहे. तो माझा गजरा पिवळा करत नाही.”

माझ्यासारख्याला, ज्याचं आयुष्य काळ्या पडद्यावर कोड लिहिण्यात जातं, पहिला पडदा कदाचित चालला असता. त्याला दुसराच हवा होता. कंपनीची मर्यादा सगळ्यांसाठी एकच असते, आपली मर्यादा आपल्या कामावरून ठरते.

तुयेच्या वाटेवर

निघायच्या आदल्या दिवशी दादाच्या मोटारसायकलवरून तुयेला गेलो. केंद्र सरकारने २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांसाठी समूह उभारण्याची योजना आणली. त्यातला गोव्याचा समूह पेडणे तालुक्यात तुयेला ठरला. इथल्या आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्या मुलांच्या गप्पांत त्याचं नाव अनेक वर्षं आहे.

पडद्याची काच मुळापासून घडवणारा मोठा कारखाना अजून भारतात नाही, आपल्याकडे मुख्यतः जोडणी होते. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प महाराष्ट्राऐवजी गुजरातला गेला म्हणून केवढं वादळ उठलं होतं, ते आठवत असेल. त्या १ लाख ५४ हजार कोटींच्या योजनेत डिस्प्लेचाही कारखाना होता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. याच वेदांताच्या लोहखनिजाच्या खाणी शेजारच्या डिचोली तालुक्यात आहेत. माती खणणं आपल्याला जमलं, काच घडवणं अजून यायचंय.

पण जोडणीच्या कामातही एक जागा फार महत्त्वाची असते. कॅमेऱ्यांनी तपासून झाल्यावर अंधाऱ्या खोलीत बसून पडदे डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाची. दिवसभरात शेकडो पडदे त्याच्यासमोरून जातात आणि हो की नाही हे काही क्षणांत ठरवायचं असतं. उद्या तुयेत असं काम आलं, तर त्या खुर्चीवर आत्याच्या शेजारची पोरं बसतील. वाजवून घ्यायची सवय त्यांच्या घरात आधीपासून आहे. ‘नाही’ म्हणायची मुभा त्यांना मिळाली, तर माल चांगला निघेल.

दिवाळीत नवा लॅपटॉप किंवा मॉनिटर घेणाऱ्या मंडळींनी एवढं करावं. घेण्यापूर्वी बदलून देण्याची मुदत आणि पिक्सेलचा नियम विचारून घ्या. खोकं आणि बिल जपून ठेवा. पहिल्याच रात्री रंग उबदार करणारी सोय बंद करून, खोलीत काळोख करून, सपाट रंगांवर पडदा बघा. दोष दिसला तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि पुनवेला पेडण्याला जाणं झालं, तर रात्री तरंगं बघायला थांबा. ते रंग अजून तरी कुठल्याच पडद्यावर नीट उतरलेले मी पाहिले नाहीत.