फोटोखालची ओळ

रद्दी. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आलं, पेपरांची पानं घटली. त्यातून छापला गेलेला फोटो वाण्याच्या पुडीला लागायचा, नाहीतर ट्रंकेच्या तळाशी जायचा. साताऱ्याकडच्या रहिमतपुरातल्या जुन्या ट्रंका आता तळाच्या कागदासकट भंगारात निघतात.

जस्ताचा ब्लॉक. फोटो जाळीतून ठिपक्यांत फोडायचा, जस्तावर उतरवायचा, आम्लात कोरायचा, लाकडावर ठोकायचा. काम झालं की मोडीत. ठिपके इतके जाड, की लहान पोराच्या चेहऱ्यातले डोळेच काय ते उमटत.

मीटरगेज. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडची सुमारे ५,००० माणसं राहिली. बहुतेक बाया आणि मुलं. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली. मुंबई-पुण्याकडून यायचं, तर पुण्यापुढे मीटरगेजच्या गाडीने, आणि रहिमतपूर स्टेशन चुकत नव्हतं. त्यांच्यातले आजारी पुढे पाचगणीला पाठवत. तिकडे जायचं स्टेशन वाठार, म्हणजे पुन्हा रहिमतपूरवरूनच, उलट्या दिशेने. १९४३ च्याच जूनमध्ये याच रुळांवर, शेणोलीला, इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या माणसांनी रेल्वेची पगाराची गाडी लुटली. ती हकिकत इकडे अजून रंगवून सांगतात. गाडीच्या खिडकीतल्या पिंगट केसांच्या पोलिश पोरांची गोष्ट मी तरी कुणाकडून ऐकली नाही.

फोटोखालची ओळ. ही सगळ्यांत आधी गळते. १९४३ मध्ये निक पॅरिनोने अमेरिकन सरकारसाठी तेहरानच्या छावणीत पोलिश मुलांचे फोटो काढले. छायाचित्रकाराचं नाव राहिलं. कितीतरी मुलांच्या वाट्याला ‘निर्वासित’ एवढाच शब्द आला. पेपरवाल्याला घाई असते, हे खरं. पण ‘तुझं नाव काय?’ विचारायला कितीसा वेळ लागतो? वळिवडेकर पोलिशांनी मात्र आपले फोटो आपल्याच अल्बमात जपले, पुढे पुस्तकही केलं. त्यात माणसांना नावं आहेत.

कौलारू बराकी. १९४८ पर्यंत पोलिश गेले. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. एका निर्वासितांच्या भिंती दुसऱ्यांना पुरल्या. छावणीचं गांधीनगर झालं, कापडाची मोठी पेठ झाली. सातारा-सांगलीकडची माणसं तिथे लग्नाचा बस्ता बांधायला जातात. गठ्ठ्याला पूर्वीसारखं वर्तमानपत्र गुंडाळत नाहीत. पिशवी देतात, दुकानाचं नाव छापलेली.