धंद्याचा कागद नसलेली माणसं

कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका बोळात आमचं छोटं यात्री निवास आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. अंबाबाईचं दार उघडं तर आमचं दार उघडं, इतका सरळ आमचा धंदा. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देऊळ बंद झालं आणि सगळा बोळच ओस पडला.

आदल्या वर्षीच्या महापुरात शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हाही खोल्या रिकाम्या होत्या. पण पूर कधीतरी ओसरतो, हे ठाऊक असतं. या वेळी तारीख कुणालाच सांगता येईना. चैत्रात जोतिबाची यात्रा भरली नाही, नवरात्र भाविकांविना गेलं. १६ नोव्हेंबरला, पाडव्याला देऊळ उघडलं, ते एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद. जुलैत परत पूर.

गिऱ्हाईक नसलं तरी लॉज सांभाळावा लागतो. पंप अधूनमधून चालवला नाही तर जाम होतो. पावसाळ्यात बंद खोल्यांतल्या गाद्यांना बुरशी धरते. ऊन पडलं की त्या गच्चीवर न्यायच्या, ढग आले की पळत खाली आणायच्या. विजेचा स्थिर आकार आणि घरफाळा चुकत नव्हता. कर्जाचे हप्ते ऑगस्ट २०२० पर्यंत पुढे ढकलता आले, पण व्याज चढतच राहिलं. तरी बँकेला मी माहीत होतो. माझ्या नावाचे कागद होते.

आमच्या दाराशी एक मावशी ओटीचं साहित्य विकत. खण, नारळ, हळद-कुंकवाच्या पुड्या, वेण्या. एका बुट्टीत सगळं दुकान. दुसऱ्या लाटेत सरकारनं नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षावाल्यांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. ते कळताच मावशी आल्या. "दादा, माझंबी नाव घाला की." मी कागद विचारला. "आधार हाय. पन धंद्याचा कागुद कुठला आनू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चादरी धुणारे परीट, खोल्या झाडणारा पोरगा, सगळ्यांची तीच गत. यात्रेकरूची सोय ही माणसं करतात, आणि मदतीच्या यादीत त्यांचंच नाव नसतं.

७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला देवळं उघडली. मावशी उधारीचे नारळ घेऊन परत बसल्या. पोरगा तोवर एमआयडीसीत लागला होता, तो आलाच नाही.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार दर पाच वर्षांनी तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. ते नीट व्हावं आणि त्यात बुट्टीवाल्या मावशीही याव्यात. परीट आणि खोल्या झाडणारी पोरं त्या कायद्यात बसत नाहीत. त्यांची नोंद आपणच ठेवली पाहिजे. आमच्या बोळाची यादी मी करायला घेतली आहे. बाकीच्या लॉजवाल्यांनीही आपापल्या बोळाची करावी, आणि ती आता, धंदा चालू असतानाच करावी.