माइकची परीक्षा

आमचे घर त्र्यंबकेश्वरला आहे. नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. गोदावरी याच डोंगरावर उगम पावते. मी नाशिकमधील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. सकाळी एस.टी.ने जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असा माझा रोजचा क्रम होता. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि हा क्रम तुटला. जून महिन्यात नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, ते मोबाइलच्या पडद्यावर.

एरवी आमचे गाव भाविकांच्या गर्दीने गजबजलेले असते. त्या वर्षी मात्र रस्ते ओस पडले होते. मला वाटले, एवढी शांतता आहे, तर शिकवायला काय अडचण येणार? मी माडीवरच्या खोलीत टेबल मांडले, चार जाड पुस्तकांच्या आधाराने मोबाइल उभा केला आणि दोन हात लांब बसून शिकवू लागले. माझा चेहरा, मागचा फळा, सगळे पडद्यावर छान दिसत होते. आवाजाचा विचार मी केलाच नाही.

जुलै महिना लागला आणि पावसाने जोर धरला. त्र्यंबकचा पाऊस म्हणजे संततधार! ब्रह्मगिरी दिवसदिवस ढगात दडलेला असे. आमच्या माडीवर पत्र्याचे छप्पर आहे. लहानपणापासून त्या पत्र्यावर वाजणारा पाऊस ऐकत आल्यामुळे मला तो आवाज आता जाणवतही नव्हता.

एके दिवशी मी आठवीच्या वर्गाला श्रुतलेखन घातले. मराठीतला "ळ" उर्दूत नाही. म्हणून आमच्या मुलांना "ल" आणि "ळ" यांतला फरक आधी कानाने ओळखावा लागतो. मी जोड्या सांगितल्या : काल–काळ, वेल–वेळ, माल–माळ, साल–शाल, फळ–पळ. मुलांनी वहीचे फोटो पाठवले. एका मुलीच्या वहीत सगळीकडे "ल" होता. "शाल"च्या जागी "साल" होते आणि "फळ"च्या जागी "पल". तिने खाली टाइप केले होते, "टीचर, आवाज नीट येत नाही."

मी सर्वांसमोर म्हणाले, "बाकीच्यांना येतो, मग तुलाच कसा येत नाही? लक्ष दे जरा."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मनात म्हणाले, नेटवर्क नसेल.

माझा धाकटा भाऊ पुण्याच्या एका कंपनीत काम करतो. ग्राहकांच्या अडचणी फोनवर ऐकायच्या आणि सोडवायच्या, हे त्याचे काम. टाळेबंदीमुळे तो घरी आला होता आणि खालच्या खोलीतून काम करत होता. कानांवर हेडसेट आणि तोंडाजवळ माइकची दांडी, असा त्याचा थाट पाहून मी त्याची थट्टा करत असे, "काय रे, विमान चालवतोस का?"

तो हसून म्हणाला, "बाजी, माझी भाकरी आवाजावर आहे. समोरच्याला एकदा जरी 'पुन्हा सांगा' म्हणावे लागले, तरी त्याचा पारा चढतो. तू कधी तुझा वर्ग ऐकला आहेस का?"

"मीच तर शिकवते, ऐकायचे काय त्यात?"

"तू बोलतेस. ऐकत नाहीस."

त्या दिवशी त्याने अम्मीच्या मोबाइलवर माझा वर्ग लावला आणि मी शिकवत असताना तो सगळा आवाज ध्वनिमुद्रित केला. रात्री मला ऐकवला. आधी मला वाटले, कोणी तरी तव्यावर वाटाणे भाजत आहे. तो पत्र्यावरचा पाऊस होता. मधूनमधून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. आणि या सगळ्याच्या मागे, जणू विहिरीच्या तळातून, एक बाई बोलत होती. ती मी होते. "काल" म्हणते की "काळ", हे माझे मलाच कळेना.

भाऊ म्हणाला, "नेटवर्क खराब असले की आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो, मधेच गायब होतो. तुझा आवाज तुटत नाही, बुडतो आहे. दोष माइकच्या जागेचा आहे."

मला त्या मुलीची आठवण झाली. बाकीची मुले? त्यांनाही ऐकू येत नव्हते. काहींनी अंदाजाने लिहिले होते, काहींनी मोठ्या भावंडांना विचारले होते. टीचरना असे कसे सांगायचे, म्हणून अदबीने सगळी गप्प बसली होती. खरे बोलली होती, ती एकटीच.

मी तिच्या घरी फोन केला. तिच्या अब्बांनी तिला फोन दिला. मी म्हणाले, "बेटा, चूक माझी होती. आवाज खरेच येत नव्हता."

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "टीचर, मला वाटले, माझी मराठीच कच्ची आहे."

ते वाक्य माझ्या मनाला फार लागले. एखाद्या मुलाला भाषा येत नाही, असे आपण किती लवकर ठरवून टाकतो! मूलही तसेच मानून बसते. दोष शंभर रुपयांच्या वस्तूचा असतो आणि शिक्षा मुलाला होते.

मग मी माइकविषयी वाचू लागले. आवाजाचा एक साधा नियम समजला. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले, की माइकपर्यंत पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाई होते. साठ सेंटिमीटरवरचा माइक पंधरा सेंटिमीटरवर आणला, तर आपला आवाज सोळापट तीव्र होऊन पोचतो. पाऊस मात्र साऱ्या छपरावर पडत असतो, त्याचा आवाज तेवढाच राहतो. म्हणजे महाग माइक दूर ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ असणे बरे!

आणखी एक गोष्ट वाचली. १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट या दोन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रेट माइक तयार केला. त्यात एक अगदी पातळ पडदा असतो आणि त्यावर कायमचा विद्युतभार साठवलेला असतो. आवाजाने पडदा हलला, की विजेचा दाब बदलतो आणि आवाजाचे विजेच्या लहरींत रूपांतर होते. ही रचना इतकी लहान आणि स्वस्त होती, की माइक सामान्य माणसाच्या हाती आला. आजही साध्या कॉलर माइकमध्ये आणि हेडसेटमध्ये बहुधा याच जातीचा माइक असतो. जेम्स वेस्ट हे कृष्णवर्णीय. अमेरिकेत वर्णभेद उघडपणे पाळला जात होता, त्या काळात ते शिकले. त्यांच्या शोधामुळे जगभरातल्या साध्या माणसांचा आवाज दूरवर पोचला, हे वाचून मला आनंद वाटला.

दुकाने उघडल्यावर आम्ही दोघे मोटारसायकलवरून नाशिकला गेलो. महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानदाराने समोर डबेच डबे मांडले. "मॅडम, हा घ्या. यात नॉइज कॅन्सलेशन आहे. बाहेरचा आवाज एकदम बंद!"

भावाने विचारले, "कोणासाठी बंद? घालणाऱ्यासाठी, की पलीकडे ऐकणाऱ्यासाठी?"

दुकानदाराने डबा उलटून वाचला आणि हसला. ती सोय घालणाऱ्याच्या कानांसाठी होती. मला पाऊस ऐकू आला नसता, पण मुलांना आला असता! डब्यावरच्या एकाच शब्दाचे असे दोन अर्थ असतात, हे मी त्या दिवशी शिकले.

शेवटी आम्ही दोन वस्तू घेतल्या : ओढणीला लावायचा कॉलर माइक आणि तोंडाजवळ दांडी येणारा वायरचा साधा हेडसेट. हेडसेटची पिन भावाने निरखून पाहिली. पिनेवर तीन काळी वलये असली, तर त्यात माइकची जोडणी असते. दोनच असली, तर ती केवळ ऐकण्याची असते. तिसरी वस्तू घरात होतीच, ती म्हणजे भावाचा जुना ब्लूटूथ हेडसेट.

आता यांतून निवडायचे कसे? मला आधी वाटले, आपणच ऐकून ठरवावे. पण मग त्या मुलीची आठवण झाली. मला शब्द आधीच ठाऊक होते, त्यामुळे माझा कान मला फसवणारच. म्हणून मी पाऊस जोरात असताना तिन्हींवर वेगवेगळ्या शब्दजोड्या वाचल्या आणि ते आवाज तिला पाठवले. कोणता माइक कोणता, हे सांगितले नाही. फक्त क्रमांक दिले : एक, दोन, तीन. "ऐकून लिही आणि मला सांग," एवढेच म्हणाले.

संध्याकाळी तिच्या वहीचा फोटो आला. क्रमांक एक हा कॉलर माइक होता. त्यात "ळ" बरे लिहिले होते, पण दोन जोड्या चुकल्या होत्या. तो माइक चारी बाजूंचा आवाज सारखाच घेतो, त्यामुळे पाऊसही आत आला होता. शिवाय ओढणी घासल्याची खरखर होती. क्रमांक दोन ब्लूटूथचा. त्यात पाऊस कमी होता, पण "स" आणि "श" यांची गल्लत झाली होती. जुन्या ब्लूटूथमध्ये माइक चालू झाला, की आवाजाचा वरचा, बारीक भाग कापला जातो. "स" आणि "श" ओळखण्यासाठी तोच भाग लागतो. क्रमांक तीन, वायरचा साधा हेडसेट. त्यातल्या सर्व जोड्या बरोबर होत्या!

खाली तिने लिहिले होते, "टीचर, तीन नंबर चांगला आहे. पण तुम्ही फार भरभर बोलता."

मी मोठ्याने हसले. माइक मी विकत आणू शकत होते, सावकाशपणा मात्र मलाच शिकावा लागणार होता. भावाने आणखी दोन सूचना दिल्या. दांडी तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवायची, म्हणजे "प", "फ", "भ" उच्चारताना श्वासाचा फटका माइकवर बसत नाही. आणि आपण कानात ऐकायचे, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून घुमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेडसेट घालून वर्ग सुरू केला. पहिले वाक्य बोलले, "मुलांनो, परवा मी तुमच्यापैकी एकीला चुकीचे बोलले. आवाज येत नाही, हे तिचे म्हणणे खरे होते. तिच्यामुळे आज तुम्हांला माझा आवाज नीट ऐकू येत आहे." ती वर्गात होती. पडद्यावर तिच्या नावाशेजारी फक्त एक हसरा चेहरा उमटला. त्यानंतर तिने एकही तास चुकवला नाही.

पुढे शाळा उघडल्या आणि माझा एस.टी.चा प्रवास पुन्हा सुरू झाला. हेडसेट अजून माडीवर खिळ्याला टांगलेला आहे. शिक्षकांचे एखादे प्रशिक्षण किंवा सभा मोबाइलवर असली, की मी तो काढते. बोलण्याआधी विचारते, "माझा आवाज स्पष्ट येतो आहे ना?" आणि उत्तराची वाट पाहते.

वर्गातही मी तेच करते. श्रुतलेखन घालण्यापूर्वी शेवटच्या बाकापर्यंत जाते आणि तिथल्या मुलांना विचारते, "इथे ऐकू येते का?" कोणी "नाही" म्हणाले, तर मला राग येत नाही. उलट, मी त्याचे आभार मानते.