पिपरी मेघेतील रिकामी खोली

वर्धा शहराच्या भोवती सिंदी, सावंगी, बोरगाव, उमरी अशी काही गावे आहेत. त्या सर्वांच्या नावापुढे ‘मेघे’ हे पद लागते. पिपरी मेघे हे त्यांपैकीच एक. एकेकाळी कपाशी आणि तुरीच्या शेतांनी वेढलेले हे गाव आता शहराला इतके चिकटले आहे की वर्धा कोठे संपले आणि पिपरी कोठे लागली, हे नवख्याला सांगता येत नाही. ग्रामपंचायतीचा कारभार, पण वस्ती शहरी. नोकरदारांची घरे, गल्लीगल्लीत किराणा दुकाने आणि वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या.

माझी मामेबहीण याच गावात राहते. खाली दुकान, मागे घर, वर दोन खोल्या. घरात चैत्यालय नाही, पण सकाळचे देवदर्शन आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण कधी चुकत नाही. चातुर्मासाच्या आरंभी मी तिच्याकडे चार दिवस राहिलो होतो. आषाढाचा पाऊस लागला होता आणि महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होते. त्या दिवसांत घडलेला एक प्रसंग वाचकांसमोर ठेवावा, असे फार दिवस मनात होते.

एका दुपारी एक तरुण खोली पाहावयास आला. स्वच्छ कपडे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली कागदपत्रे. आडनाव पवार. ताईने खोली दाखवली, भाडे सांगितले आणि घराचा नियमही सांगितला : मांस, अंडी, मद्य चालणार नाही. तो म्हणाला, “काकू, घरात काहीच आणणार नाही. मी खानावळीतच जेवतो.” सारे ठरल्यासारखे होते. मग ताईने गाव विचारले. त्याने गावाचे नाव घेतले आणि क्षणभर थांबून म्हणाला, “गावाबाहेर आमचा बेडा आहे.”

वर्धा जिल्ह्यात ‘बेडा’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. ताईचा चेहरा बदलला. “अरे, काल एकाला शब्द दिला होता, विसरलेच मी,” असे ती म्हणाली. तरुणाने वाद घातला नाही. पिशवी सावरून तो पावसात निघून गेला. मी समोर बसलो होतो. मला खरे ठाऊक होते आणि मी गप्प राहिलो.

रात्री ताई म्हणाली, “आपले अहिंसेचे घर. शिकार करणाऱ्यांना कसे ठेवायचे?” हा प्रश्न प्रामाणिक आहे असे तिला वाटत होते. म्हणूनच त्याचा नीट विचार व्हावयास हवा.

पारधी हे नाव ‘पारध’ या शब्दावरून आले. फासे लावून तितर, लावे, ससे पकडणारे ते फासेपारधी. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. या कायद्याखाली ज्या जमातींची नोंद झाली, त्यांतील माणूस जन्मतःच संशयित ठरला. पारध्यांच्या कपाळीही हाच शिक्का आला. हजेरी देणे आणि परवानगीविना गाव न सोडणे अशी बंधने या कायद्याने घातली. स्वतंत्र भारताने 31 ऑगस्ट 1952 रोजी तो रद्द केला. परंतु त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली आणि लोकांच्या मनातील नोंदवही तर बंद झालीच नाही. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई केली. ती योग्यच होती. पण ज्यांचा पिढीजात धंदा गेला, त्यांच्या हाती ना शेत होते ना दुकान.

अनुसूचित जमातींच्या यादीत पारध्यांचा समावेश आहे. तथापि सवलत मिळावयाची तर जातीचा दाखला हवा आणि त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा. ज्यांचे आजोबा पालात जन्मले, शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावे सातबारा नाही, त्यांनी तो कोठून आणावा? आपण व्यापारी माणसे. जुन्या चोपडीचे मोल आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्याकडे चोपडीच नाही, त्याची अडचण आपल्याइतकी कोणाला कळावी?

दुसऱ्या दिवशी मी सेवाग्रामला गेलो. आदिनिवास, बापूकुटी, सारवलेल्या भिंती. गांधीजींनी आपल्या विधायक कार्यक्रमात आदिवासींच्या सेवेचा समावेश केला, तो ठक्करबाप्पांच्या प्रेरणेने. ठक्करबाप्पांनी 1922 साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ सुरू केले होते. आणि याच वर्ध्यात 1928 साली जमनालाल बजाज या व्यापाऱ्याने आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले. त्यांनी मंदिराचे दार उघडले. आम्हांस भाड्याची एक खोली उघडता आली नाही.

परतताना मला उत्तरपुराणातील पुरूरवा भिल्लाची कथा आठवली. सागरसेन मुनींना मृग समजून त्याने बाण रोखला. पत्नीने त्याला आवरले. मुनींनी त्याला हाकलले नाही, त्याचे कूळ विचारले नाही. मद्य, मांस आणि मधाच्या त्यागाचे व्रत दिले. तोच जीव अनेक भवांनंतर भगवान महावीर झाला. त्या शिकाऱ्याला मुनींनी व्रताला पात्र मानले. आमच्या दारी आलेला तरुण तर आमचा नियम आधीच स्वीकारून उभा होता. आम्ही त्याला नाकारले ते आहारासाठी नव्हे, जन्मासाठी. त्यावर अहिंसेचे नाव घालणे ही आणखी एक हिंसाच होती.

पारध करणाऱ्या हातांनी रक्षणही होते. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेसोबत फासेपारधी मंडळींनी माळरान आणि तेथील दुर्मिळ तणमोर वाचवण्याचे काम केले आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या पारधी शिक्षकाने भीक मागणाऱ्या मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. तो प्रश्न आपल्यालाही आहे.

निघण्यापूर्वी मी हे सारे ताईजवळ बोललो. माझ्या मौनाची चूकही कबूल केली. ती काही बोलली नाही. दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी तिचा फोन आला. प्रथेप्रमाणे क्षमा मागून झाल्यावर म्हणाली, “दादा, त्या मुलाने नंबर लिहून ठेवला होता. त्याला आज फोन केला. आपल्याच माणसांची क्षमा मागायची आणि ज्याचा खरोखर अपराध केला त्याला वगळायचे, हे मनाला पटेना.”

तरुण काही क्षण गप्प होता म्हणे. त्याला तोवर दूरच्या एका गावात खोली मिळाली होती. तेथून तो रोज सायकलने कॉलेजला येत होता. मग त्याने विचारले, “काकू, पुढच्या वर्षी माझी बहीण बारावी होईल. तिच्यासाठी खोली ठेवाल का?”

“तू काय म्हणालीस?” मी विचारले.

“ठेवते म्हणाले. फक्त सांगितले, आमच्याकडे रात्री जेवण नसते. तिला दिवसाउजेडी जेवावे लागेल.”