माघातला बदाम

माघ सरत आलाय. कोपऱ्यावरचा देशी बदाम पेटल्यासारखा दिसतोय. काही पानं पूर्ण लाल, काही अर्धी हिरवी, अर्धी शेंदरी. रंगीत पानगळ म्हटलं की आपल्याला अमेरिकेतले मेपल आठवतात, याचा मला जरा रागच येतो. तिथे ऑक्टोबरातली थंडी आणि लहान होत जाणारे दिवस पानं उतरवतात. इथे ते काम मुख्यतः पाण्याची टंचाई करते. आतली करामत तीच. हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून दडलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र दडलेला नसतो. पान जाता जाता तो नव्याने तयार करतं. गळणाऱ्या पानाने हा खर्च का करावा, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मला ही उधळपट्टी फार आवडते.

सागाला असली हौस नाही. पिवळट, मग सरळ तपकिरी. कुसुमाचं उलटंच: त्याची लाली वसंतातल्या कोवळ्या पालवीची.

बदाम पाहायचा तर लवकर पाहा. आणि खाली पडलेली पानं कृपा करून जाळू नका.