पश्चिम विभागाचीं पांच घरें

मनुष्य आपलें कुलदैवत निवडीत नाहीं, आडनांव निवडीत नाहीं, आणि माझ्या समजुतीप्रमाणें क्रिकेटचा संघहि निवडीत नाहीं. या तिन्ही गोष्टी वडिलांच्या हातून आपल्याकडे येतात व पुढें मुलांच्या हातीं द्यावयाच्या असतात. बाजारांतून पायांना बसतील असे जोडे आणावे, तसा एखादा जिंकणारा संघ पसंत करून आणणारे लोक हल्लीं पुष्कळ दिसतात. त्यांचा मला राग नाहीं. परंतु त्यांच्या आनंदाचा हेवाहि वाटत नाहीं. मी नाशिकचा, नाशिक महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेंत येतें, म्हणून माझा संघ महाराष्ट्र; इतका हा साधा हिशेब आहे.

ज्या वाचकांस हा विषय परका असेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. आपल्या एका राज्यांतून रणजी करंडकासाठीं तीन निरनिराळे संघ उतरतात. मुंबई व तिच्या आसपासचा भाग मिळून एक, विदर्भाचा दुसरा, आणि या दोहोंना वगळून जें उरेल त्याचा तिसरा, ज्याचें ठाणें पुण्यास आहे. या उरलेल्या भागाच्या संघालाच ‘महाराष्ट्र’ म्हणतात. थोरल्याला घराण्याचें नांव मिळावें आणि धाकट्याला वाडा, दागिने व जमीन मिळावी, तसाच हा वांटणीचा प्रकार आहे. मुंबईनें २०२३-२४ सालीं हा करंडक बेचाळिसाव्यांदा जिंकला. विदर्भानेंहि २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तो तीनदां नागपुरास नेला. आमच्या संघानें तो दोनदां जिंकला; तोहि १९३९-४० आणि १९४०-४१ या दोन लागोपाठच्या वर्षीं. त्यानंतर पुण्यास करंडक आलेला नाहीं.

ही स्पर्धा १९३४ सालीं सुरू झाली, आणि २००१-०२ च्या मोसमापर्यंत ती विभागवार खेळली जात असे. विदर्भ मध्य विभागांत पडला. पश्चिम विभागांत अखेर मुंबई, महाराष्ट्र, बडोदें, गुजरात आणि सौराष्ट्र हे पांच संघ राहिले. या पांचांनीं आधीं आपसांत झुंजावें आणि त्यांतून वर येतील त्यांनीं इतर विभागांच्या भेटीस जावें, असा क्रम होता. एका वाड्यांत पांच बिऱ्हाडें असावीं आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजत आहे याची वार्ता असावी, तसा तो संसार होता. माझा जीव या पांच घरांत गुंतलेला आहे.

आमच्या घरीं तर हा वाडा प्रत्यक्षच नांदतो. वहिनी दादरच्या, त्यामुळें मुंबईची बाजू त्यांच्याकडे. माझ्या पत्नीचें माहेर बडोद्याचें. दादा आणि मी महाराष्ट्राचे. जानेवारी २०२५ मध्यें येथील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आम्हां जुन्या नाशिककरांच्या गोल्फ क्लबावर, महाराष्ट्रानें बडोद्याला ४३९ धांवांनीं हरविलें, त्या रात्रीं पानावर वाढतांना आमच्याकडे फारसें संभाषण झालें नाहीं. महाराष्ट्र हरतो तेव्हां मात्र वहिनी आवर्जून विचारतात, “भाऊजी, आज कितव्या दिवशीं आटोपलें?” या प्रश्नाला उत्तर नसतें, आणि त्यांना तें हवेंहि नसतें.

मुंबईविषयीं मीं कितीहि निष्ठुर व्हावयाचें ठरविलें तरी तिच्या योग्यतेबद्दल वाद घालतां येत नाहीं. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत पंधरा वर्षें ओळीनें तिनें करंडक कोणास दिला नाहीं. त्यांतील १९७०-७१ चा अंतिम सामना आमच्याशींच झाला. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर अशी मातबर मंडळी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेली, घर रिकामें, आणि तरीहि मुंबईनें आम्हांस ४८ धांवांनीं हरविलें. मुंबईकरांच्या खेळाला ‘खडूस’ म्हणतात तें यामुळेंच. मालक परगांवीं गेला असतांहि त्यांच्या घराला कडी असते.

परंतु मुंबईशीं झालेल्या ज्या सामन्याचा मला अभिमान आहे, तो आम्ही हरलेलाच आहे. मार्च १९४९ मध्यें पुण्यास उपांत्य सामना झाला. मुंबईनें पहिल्या डावांत ६५१ आणि दुसऱ्यांत आठ गडी बाद ७१४ धांवा केल्या. महाराष्ट्रानें ४०७ आणि ६०४. एकूण धांवा २,३७६; प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें एका सामन्यांत याहून अधिक धांवा जगांत कोठेंहि झालेल्या नाहींत. चौथ्या डावांत ९५९ धांवा हव्या असतांना कोणीहि शहाणा मनुष्य सामान आवरून घरचा रस्ता धरील. आमच्या मंडळींनीं सहाशेंच्या वर धांवा केल्या आणि मग ते हरले. जिंकण्याची आशा संपल्यावरहि नीट खेळतां येतें, हें मला या आंकड्यांनीं शिकविलें आहे. शिवाय आम्हांलाहि दिवस येतो : जानेवारी २०१४ मध्यें वानखेडे मैदानावर उपांत्यपूर्व सामन्यांत केदार जाधव आणि विजय झोल यांनीं मुंबईचा आठ गडी राखून पराभव केला. त्या संध्याकाळीं वहिनींनीं आपण होऊन शिरा केला, हें त्यांच्या मोठेपणास शोभण्यासारखेंच होतें.

बडोद्याचें घर मला नेहमीं चुलत घर वाटतें. गायकवाडांची राजधानी, मराठी बोलणारी वस्ती, आणि खेळाडूंची आमच्याकडे सततची ये-जा. विजय हजारे मूळ सांगलीचे. १९३९-४० सालीं त्यांनीं महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्धच नाबाद ३१६ धांवा केल्या. थोड्याच दिवसांत ते बडोद्याकडून खेळूं लागले, आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यांत होळकर संघाविरुद्ध त्यांनीं व गुल महंमद यांनीं चौथ्या गड्यासाठीं ५७७ धांवांची भागीदारी केली. हा विक्रम २००६ सालापर्यंत अबाधित होता. माझ्या सासऱ्यांनीं त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली ती हकीकत मला इतक्या वेळां सांगितली आहे कीं, ती भागीदारी मीच पाहिली असें मला कधीं कधीं वाटतें. बडोद्यानें पांचदां करंडक जिंकला. शेवटचा २०००-०१ सालीं.

गुजरात हें दीर्घकाळ सोशिक घर. वर्षानुवर्षें विभागांतून बाहेर पडण्याचीच त्यांना पंचाईत. परंतु २०१६-१७ सालीं इंदूरच्या अंतिम सामन्यांत त्यांच्यापुढें मुंबईनें ३१२ धांवांचें आव्हान ठेविलें, आणि पार्थिव पटेल यांनीं १४३ धांवा काढून करंडक प्रथमच गुजरातेंत नेला. तो सामना मी दूरचित्रवाणीवर पाहत होतों. मुंबई हरत होती म्हणून मला आनंद होत होता, असें वहिनींचें म्हणणें. मला मात्र तो शेजारच्या घरीं फार दिवसांनीं पाळणा हालावा तसा आनंद वाटत होता.

आणि सौराष्ट्र! ज्यांच्या नांवाचा हा करंडक, ते रणजितसिंह याच काठेवाडांतील नवानगरचे जामसाहेब. याच प्रांताच्या संघाविरुद्ध डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धांवांवर होते. ब्रॅडमन यांच्या त्या वेळच्या जागतिक उच्चांकास नऊच धांवा कमी. उपाहाराच्या वेळीं काठेवाडच्या कर्णधारांनीं सामना सोडून दिला, आणि भाऊसाहेबांच्या नऊ धांवा कायमच्या राहून गेल्या. भारतीय खेळाडूनें प्रथम श्रेणींत केलेली ती आजहि सर्वोच्च धांवसंख्या आहे. आणि तिच्या धन्याला एकहि अधिकृत कसोटी खेळावयास मिळाली नाहीं. या गोष्टीवरून मी सौराष्ट्राशीं पुष्कळ दिवस मनांतल्या मनांत अबोला धरला होता. परंतु जयदेव उनाडकट यांनीं २०१९-२० च्या मोसमांत ६७ बळी घेऊन पहिला करंडक राजकोटास आणला, आणि २०२२-२३ मध्यें कलकत्त्यास जाऊन दुसरा मिळविला, तेव्हां तो अबोला सोडावा लागला. मैदान सोडून गेलेल्यांच्या नातवंडांनीं मैदान राखून दाखविलें. आणखी काय हवें?

आमच्या स्वतःच्या घराबद्दल मी थोडेंच सांगतों. आमचे कर्तेपुरुष प्रो. दि. ब. देवधर. पुण्यास संस्कृत शिकवावें आणि मैदानावर संघ चालवावा, असा त्यांचा क्रम. दोन्ही अजिंक्यपदें त्यांच्या नेतृत्वाखालचीं. १९४०-४१ सालीं मुंबईनें ६५० धांवा केल्या असतां महाराष्ट्रानें ६७५ धांवांनीं उत्तर दिलें. त्यांत पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रोफेसरांच्या २४६ होत्या. पुढें ते १०१ वर्षें जगले. त्यांच्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीन वेळां आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलों आणि तिन्ही वेळां हात हालवीत परत आलों.

येथवर मीं जें लिहिलें तें कोणीहि प्रेक्षक लिहील. परंतु गेल्या दिवाळींत हा विषय आमच्या माजघरांत निराळ्या रूपानें येऊन उभा राहिला. दादांचा धाकटा मुलगा सतरा वर्षांचा आहे. तो डाव्या हातानें फिरकी टाकतो, आणि त्याचे शिक्षक म्हणतात कीं, हात चांगला आहे. वहिनींच्या भावानें दादरहून निरोप पाठविला : मुलाला आमच्याकडे ठेवा, शिवाजी पार्कावर सराव होईल, पावसाळ्यांत कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर खेळेल, नशीब असेल तर पुढें मुंबईकडून उतरेल. वहिनींचा जीव वरखालीं होऊं लागला. दादा गप्प. आई म्हणाल्या, “याच्या काकाला विचारा, क्रिकेटचें वेड घरांत त्यानें आणलें आहे.”

माझ्यापुढें खरोखरच पेंच होता. आमच्याकडून एक डावरा फिरकी गोलंदाज उचलून मुंबईच्या पदरांत घालावयाचा, आणि तोहि माझ्या घरांतला! नाशकाची मुलें नाशकांत राहूनहि पुढें येतात. सत्यजित बच्छाव याच गांवचे आणि महाराष्ट्राकडूनच खेळले. हें उदाहरण माझ्या ओठांवर आलें होतें. परंतु दुसरें एक उदाहरणहि याच गांवचें आहे. बापू नाडकर्णी यांचा जन्म १९३३ सालीं नाशकासच झाला. तेहि डावऱ्या हाताचे फिरकी गोलंदाज. महाराष्ट्राकडून त्यांनीं रणजींत पदार्पण केलें, आणि पुढें ते मुंबईचे झाले. १९६४ च्या जानेवारींत मद्रासच्या कसोटींत त्यांनीं इंग्लंडविरुद्ध ओळीनें एकवीस षटकें निर्धाव टाकलीं. बत्तीस षटकांत धांवा दिल्या पांच. मुंबईकडे गेल्यामुळें त्यांच्या हातांतलें नाशिक कमी झालें, असें कोण म्हणेल? पुण्याचे चंदू बोर्डे बडोद्याकडून खेळून पुन्हां महाराष्ट्राकडे आले. २०२५ सालीं तर मुंबईचे पृथ्वी शॉ आमच्याकडे आले. म्हणजे गंगा उलटीहि वाहते.

विचार करतां करतां मला दोन धर्म निराळे दिसूं लागले. खेळाडूचा धर्म जाण्याचा आहे. जेथें खेळ अधिक कठीण, जेथें त्याच्या चुका लवकर उघड्या पडतील, तेथें त्यानें गेलें पाहिजे. त्याच्या हाताचें आयुष्य थोडें असतें आणि आपल्या अभिमानासाठीं तें खर्च करावयास सांगण्याचा हक्क काकाला नाहीं. प्रेक्षकाचा धर्म मात्र राहण्याचा आहे. आज हजारे आहेत, उद्यां नाहींत. आज नाडकर्णी, उद्यां दुसरे कोणी. ही ये-जा चालू असतांना संघ हा संघ राहतो, याचें कारण त्याच्यासाठीं त्याच कठड्यापाशीं येऊन बसणारीं माणसें बदलत नाहींत. तींहि उठून जिंकणाऱ्याच्या मागें लागलीं, तर महाराष्ट्र हें नांव फक्त धांवफलकावरचें एक अक्षर राहील.

मीं आईंना सांगितलें, “त्याला जाऊं द्या.” वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें, मुलगा घर सोडणार हें तोंवर त्यांच्याहि पुरतें लक्षांत आलें नसावें. विभाग मोडले तरी वाडा मोडला नाहीं, हें मला त्या वेळीं पटलें. कारण दादरच्या मामाच्या घरीं आमचें एक पान आतां कायमचें मांडलें जाणार.

जिन्यांत गांठून मुलानें मला विचारलें, “काका, उद्यां मी मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध खेळलों, तर तुम्ही टाळ्या कोणासाठीं वाजवाल?”

मीं म्हटलें, “तुझ्या प्रत्येक निर्धाव षटकाला वाजवीन. पण सामना आम्हीच जिंकावा, असें मनांत म्हणत राहीन.”

तो हंसला, आणि चेंडू डाव्या हातांत फिरवीत खालीं उतरला. परीक्षा आटोपली कीं जूनमध्यें पंचवटी एक्सप्रेसनें त्याला पोचवावयास मीच जाणार आहें.